रूथचे दोन अर्थ

सोलापुरात खोली शोधताना मला एक क्रम पाठ झाला होता. घरमालक आधी गाव विचारायचे, मग नोकरी, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी देऊन झालेली असायची. माझ्याबरोबर आमचे आप्पा होते, माढ्याहून सकाळच्या एस.टी.नं आलेले. दुपार कलायला लागली तसे ते म्हणाले, "आता फुडच्या घरात तूच बोल. मी गप बसतो. माझ्या बोलन्यावरनंच वळकत्यात."

पुढचं घर दुमजली होतं, जिना बाहेरून. वरच्या गॅलरीत एक वयस्क गृहस्थ पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावून, हातात भिंग धरून पेपर वाचत बसले होते. त्यांनी आम्हाला वर बोलावलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मी नोकरीचा कागद पर्समधून काढला, तो त्यांनी बघितलाही नाही. माझ्याकडे भिंगाच्या वरून बघत त्यांनी विचारलं, "रूथ म्हणजे काय?"

मला वाटलं, माझी कुणाशी तरी गल्लत होतेय. मी म्हटलं, "आमच्याकडे दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. त्यांचं नाव रूथ."

"ते हिब्रू नाव. त्याचा याच्याशी संबंध नाही. मी इंग्रजी शब्द विचारतोय. जुना."

"माहीत नाही."

"उत्तम," ते म्हणाले. "माहीत नसताना 'माहीत नाही' म्हणणारा भाडेकरू मला चालतो. खोली मागची आहे. नळ खाली आहे, पाणी वर आणावं लागेल. सामान कधी आणताय?"

जिना उतरल्यावर आप्पांनी वळून गॅलरीकडे बघितलं. मग म्हणाले, "लई शिकलेला मानूस दिसतोय. पन डोकं जाग्यावर हाय का, ते तेवढं बगून घे."

आडनाव त्यांनी विचारलं ते महिना संपल्यावर, भाड्याच्या पावतीवर लिहायला. आणि मी ज्या स्पेलिंगनं आडनाव लिहीत होते त्यात एक ओ जास्त आहे, असं सांगून तो खोडायला लावला. त्यापलीकडे त्यांना त्या आडनावात काही रस नव्हता.

सगळे त्यांना सर म्हणायचे. खरं तर त्यांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलेलं नव्हतं. ते जिल्हा कोर्टात भाषांतरकार होते. मराठी जबान्या इंग्रजीत करायच्या आणि इंग्रजी निकाल मराठीत, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको वारलेली, मुलगी बंगळूरला. ती रविवारी फोन करायची आणि सर तिच्या बोलण्यातल्या चुका सांगायचे. फोन लवकर संपायचा.

चुका सांगणं हा त्यांचा श्वासोच्छ्वास होता. सात रस्त्याच्या चौकात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे दुकानांच्या पाट्यांची तपासणीच. एका खानावळीत शिरून त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "बाहेर 'प्युअर व्हेजिटेरियन' लिहिलंय, ते कोण? जेवण की तुम्ही?" तो माणूस म्हणाला, "दोगं पन," आणि सरांना ते उत्तर इतकं आवडलं, की त्या दिवसापासून त्या पाटीला त्यांनी माफी दिली.

संध्याकाळी ते जेवायचे तेही ठरलेलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वाटीभर दही. भाकरी मोडण्याचा आवाज भिंतीपलीकडे माझ्या खोलीत ऐकू यायचा. मग काही वेळ शांतता, आणि मग हाक. "ताई, मोकळ्या आहात का? एक शब्द सापडलाय."

त्यांच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश असायचा, धूळ बसू नये म्हणून सोलापुरी चादरीच्या तुकड्याखाली झाकलेला. कुणी पाहुणा आला की चादर बाजूला व्हायची. पण किती नवे शब्द सापडले तरी सर शेवटी रूथवर यायचेच.

"रू म्हणजे मनाला लागणं, हळहळणं," ते सांगायचे. "ट्रूचं ट्रुथ झालं, ग्रोचं ग्रोथ झालं, तसं रूचं रूथ. खालच्या बिऱ्हाडानं डब्यात सताप लावलाय ना, नातवाच्या खोकल्यासाठी? त्या झाडालाही इंग्रजीत रू म्हणतात. पण ते लॅटिनमधून आलंय. नावं सारखी, नातं नाही. लोक फसतात." मग शब्दाची वागणूक. "हा शब्द 'हॅव'बरोबर जातो. टु हॅव रूथ. दाखवायची वस्तू नव्हे ती. असते किंवा नसते. इंग्रजांनी काय केलं? रूथलेस तेवढा ठेवला आणि रूथ टाकून दिला. आज शंभर इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारा, निर्दय म्हणजे काय ते सांगतील. ज्याच्या नसण्यानं माणूस निर्दय होतो, ते काय असतं, ते नाही सांगता येणार."

मी विचारायची, "मग मराठीत काय म्हणायचं, दया?"

"दया वरून खाली येते. कीव म्हटलं की त्यात थोडा तुच्छपणा आला. करुणा पोथीतली. कणव. कणव येते. करता येत नाही. तो शब्द जवळचा."

शब्दाला दोन अर्थ आहेत, हेही ते सांगायचे. पहिला, दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्याला होणारा कळवळा. त्यावर ते रंगून बोलायचे. दुसरा, आपल्याच हातून जे झालं त्याचं आपल्याला वाटणारं दुःख. हा अर्थ ते एका वाक्यात उरकायचे, "तो आणखी जुना, फार वापरात नव्हता," म्हणायचे आणि चादर पुन्हा कोशावर ओढायचे.

या शब्दापायी त्यांची नोकरीत एकदा चांगलीच शोभा झाली होती. ते स्वतःच सांगायचे. एका म्हातारीनं अर्जात लिहिलं होतं, 'माझ्या मुलांना माझी कणव नाही.' सरांनी इंग्रजीत केलं, 'माय सन्स हॅव नो रूथ.' अर्ज साहेबांपुढे गेला. साहेबांनी त्या शब्दाला लाल गोल केला आणि विचारलं, "ही रूथ कोण? सून आहे का? तिला पक्षकार का केलं नाही?" पुढे निवृत्तीपर्यंत कोर्टातले शिपाईसुद्धा त्यांना पाठीमागे रूथसाहेब म्हणायचे. "मला राग नव्हता," सर म्हणायचे. "निदान शब्द तरी वापरात राहिला."

पाण्याचा दिवस हा आमच्या घरातला मोठा दिवस. सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल ते नक्की नसतं. खालच्या नळात गुरगुर सुरू झाली की सरांना वर बसल्या जागी कळायचं. मग ते गॅलरीत येऊन शाळेत असते तशी पितळी घंटा वाजवायचे. त्यांनी ती जुन्या बाजारातून खास आणलेली. घंटेचा त्यांना अभिमान होता. सगळ्या गल्लीला तिचा उपयोग व्हायचा. माझं पाणी मी भरून वर आणायची, सरांचं कामाला येणारी बाई आणायची. गल्लीत बहुतेकांनी नळाला मोटार लावलेली. सरांनी लावली नव्हती. "नळाला थेट मोटार लावणं बेकायदा आहे," ते म्हणायचे. "मी कोर्टात नोकरी केली."

आता खाली राहणाऱ्यांबद्दल सांगायला हवं. तळमजल्यावर अक्का राहायच्या. तेलुगू घर, नवरा पूर्वी गिरणीत होता, तो गेलेला. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, यंत्रमागावर. अक्का आणि सून दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. एक लहान नातू. या खोल्या त्यांच्याकडे सरांची बायको जिवंत असल्यापासून होत्या. आणि मी राहायला गेले तेव्हा सरांनी अक्कांवर खोल्या खाली करण्याचा दावा लावलेला होता.

कारण साधं होतं. सरांचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं होतं. सरांनी अक्कांना खालच्या खोल्या आपल्यासाठी सोडायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, "कुटं जाऊ? ह्या भाड्यात कोन देतंय? विड्या टाकायचा कारखाना हितनं जवळ हाय." सरांनी कायद्याचं पुस्तक काढलं, नोटीस स्वतः लिहिली, दावा लावला. त्या दिवसापासून घरात त्यांनी अक्कांचं नाव घ्यायचं बंद केलं. "प्रतिवादी क्रमांक एक आज कारखान्यात गेलेली दिसत नाही," ते मला सांगायचे. मुलगा प्रतिवादी क्रमांक दोन. सुनेला दाव्यात घेतलं नव्हतं म्हणून तिला ते नावानं हाक मारायचे. पण पाण्याची घंटा मात्र सगळ्यांसाठी वाजायची. एकदा मी म्हटलं, "सर, तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही, पण घंटा वाजवता." ते म्हणाले, "दावा माझा आहे. पाणी महापालिकेचं आहे."

दावा रेंगाळत चालला होता. अक्कांच्या बाजूनं एक तरुण वकील होता. त्यानं कैफियत हौसेनं इंग्रजीत लिहिली. तिची प्रत आली त्या संध्याकाळी पलीकडून भाकरी मोडण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं सर माझ्या दारात उभे राहिले, हातात कागद.

"इथं लिहिलंय, वादी हा रूथलेस इसम आहे."

"वकील लिहितात तसं काहीही, सर."

"माझी गरज खोटी आहे असं लिहिलंय, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते लिहावंच लागतं. पण हे विशेषण त्यानं कशाच्या आधारावर वापरलं?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मी रूथलेस आहे का?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही मला खोली दिली. या गावात मला कुणी दिली नव्हती."

"ते उत्तर नाही," ते म्हणाले. "खोली मी नियमानं दिली. आडनाव बघून नाकारणं चूक आहे म्हणून दिली. तुम्हाला बघून मला काही झालं होतं असं नाही." आणि कागदाची घडी करत निघून गेले. मला त्यांचा राग आला नाही. इतकं खरं बोलणारा माणूस मी कमी बघितला आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना कोशाशी बसलेलं बघायची, पण हाक येत नव्हती.

उलटतपासणीच्या दिवशी त्यांनी मला अर्धी रजा टाकायला लावली. कोर्टाच्या पायऱ्या चढायला हाताला कुणीतरी हवं होतं. मी मागच्या बाकावर बसले. पलीकडे अक्का, अंगावर ठेवणीतली साडी, मुलगा शेजारी. न्यायाधीश एक मध्यमवयीन बाई होत्या, शांत, थोड्या थकलेल्या. सरांनी शपथ घेतली ती अशी, की त्यातला प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला.

"प्रतिवादी भाडं वेळेवर देते, हे खरं आहे?" वकिलानं विचारलं.

"खरं आहे."

"तिच्याबद्दल तुमची दुसरी काही तक्रार?"

"नाही."

"तिला या वयात दुसरीकडे जागा मिळणं अवघड आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"तरीही तिला बाहेर काढायचंय. म्हणजे तुम्हाला तिच्याबद्दल जरासुद्धा..." त्या तरुण वकिलाचा शब्द अडला. त्यानं हवेत हात फिरवला.

"रूथ," सर म्हणाले.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "काय म्हणालात?"

सरांनी सांगितलं. शब्द कुठून आला, कसा वापरतात, कशाबरोबर जातो. पहिला अर्थ, दुसरा अर्थ. टाइप करणारी मुलगी थांबून बघत राहिली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी साध्या मराठीत विचारलं, "मग? आहे का तुम्हाला?"

सरांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं, आता ते काहीतरी चटकन म्हणतील. त्यांच्याकडे नेहमी असायचंच. पण ते नुसते उभे राहिले. शेवटी म्हणाले, "साहेब, मी शपथेवर आहे. या प्रश्नाला तारीख मिळावी."

सगळं कोर्ट हसलं. अक्कासुद्धा, न कळता. सर हसले नाहीत. बाई म्हणाल्या, "तारीख दाव्याला मिळते काका, प्रश्नाला नाही." पण जेवणाची वेळ झाली होती आणि बोर्डावर बरीच कामं उरली होती. राहिलेली उलटतपासणी त्यांनी पुढच्या तारखेला ठेवली.

रिक्षात सर बाहेर बघत होते. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "पहिल्या अर्थानं मी 'आहे' म्हणणार होतो. थोडीफार आहे, असं वाटलं. पण दुसरा अर्थ मीच त्यांना सांगितला होता. आणि ताई, मला आयुष्यात माझ्या स्वतःच्या कशाचं वाईट वाटलंय, ते आठवेना. एकही गोष्ट नाही. असं कसं असेल?"

मी रिक्षावाल्याला आमची गल्ली दाखवली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला सांगितलं, "मला खाली जायचंय. तुम्ही बरोबर या. दावा चालू असताना वादीनं प्रतिवादीकडे एकट्यानं जाऊ नये. साक्षीदार हवा." आम्ही जिना उतरलो. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ते उतरत होते.

अक्का दारात सूप घेऊन बसल्या होत्या. सरांना बघून त्यांचे हात थांबले नाहीत. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा. "या," त्या म्हणाल्या. "खाली बसू नका. खाली बसलाव तर उटता यायचं न्हाई. अगं, खुर्ची दे की सरांला."

सर बसले. "मी एक विचारायला आलोय. तुमच्या वकिलानं लिहिलंय, मला कणव नाही."

"वकिलानं काय लिवलंय मला काय म्हाईत. मला इंग्लिश येतंय व्हय?" अक्कांनी वळलेली विडी सुपात टाकली. "मग? हाय का न्हाई?"

"तेच विचारायला आलोय."

अक्का हसायला लागल्या. "अय्यो, तुमची गोष्ट तुमी मला इचारताव?" मग त्यांचं हसू थांबलं. "ते बाईंला इचारायचं होतं, बाई होत्या तवा."

"कुणाला? हिला?" सरांना बायकोचं नाव घ्यायची सवय नव्हती.

"त्यांचे गुडघे तुमच्यापरीस जास्त गेलते, म्हाईत हाय का तुमाला?"

सरांचा हात आपल्या गुडघ्यावर गेला.

"तवा काय कामाला बाई नव्हती वर. पान्याच्या दिवशी घागर भरायच्या आन् हितं बसायच्या, ह्या पायरीवर. वरनं तुमी परत घंटा वाजवायचाव. मग म्हनायच्या, चला अक्का, साहेबांनी बोलावलं. मी म्हनायची, द्या हिकडं, मी नेते. तर अर्ध्या जिन्यापतूर मी न्यायची आन् तितनं वर त्या. का? तर तुमी बगशीला म्हनून."

"मी बघितलं असतं तर काय झालं असतं?"

"काय न्हाई. तुमी पेपर वाचत बसायचाव." अक्कांच्या आवाजात राग नव्हता. कालचा भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. "लई वर्सं चाललं तसं. मी म्हटलं बाईंला, मोटार लावा म्हना सरांला. तर म्हनल्या, ते कायद्यात बसत न्हाई."

"तिनं मला कधी सांगितलं नाही," सर म्हणाले. "पाय दुखतात असं एकदाही बोलली नाही."

"बोलल्या की! का बोलल्या न्हाईत?" आता अक्कांचे हात पहिल्यांदा थांबले. "हितं येऊन सांगितलं मला हसत हसत. पाय दुखतंय म्हनलं तर साहेब म्हनले, दुखतंय न्हाई, दुखतो. एक आसंल तर दुखतो, दोन आसले तर दुखतात." त्या क्षणभर सरांकडे बघत राहिल्या. "तुमाला काय सांगनार मानूस? तुमी आदी शब्द दुरुस्त करताव."

आत स्टोव्हवर चहा उकळल्याचा आवाज आला. सुनेनं कप आणून ठेवले. सरांनी कप उचलला, परत ठेवला. त्यांचा चेहरा काही वेगळा दिसला असं म्हणता येणार नाही. फक्त ते शर्टाचं गळ्याजवळचं बटण चाचपत राहिले, ते लावलेलं असूनही. नातू येऊन अक्कांच्या पाठीला लोंबकळला, त्यांनी त्याला हाकललं.

"चा घ्या, गार हुतोय," अक्का म्हणाल्या. "आन् एक सांगते सर. काय बी झालं तरी खोली मी सोडनार न्हाई हां."

"बरोबर आहे," सर म्हणाले. मला ते उत्तर नीट कळलं नाही. अक्कांनाही कळलं नसावं.

परत येताना ते जिन्याच्या मध्यावर थांबले. मला वाटलं दम लागला. ते पायरीवर बसले, हळूहळू, कठड्याला धरून. खाली बघितलं, वर बघितलं. "अर्धा जिना म्हणजे इथपर्यंत," ते म्हणाले. मग म्हणाले, "हौद बांधून घेतला आणि हौदातून वर मोटारीनं पाणी चढवलं, तर त्याला कायद्याची काहीही हरकत नाही. नळाला मोटार लावता येत नाही. हौदाला येते. हे मला तेव्हाही माहीत होतं."

ते बराच वेळ तिथं बसून होते. मी त्यांच्याबरोबर बसले.

पुढच्या तारखेपर्यंत न्यायाधीशबाईंची बदली झाली होती. त्यांच्या जागी एक तरुण न्यायाधीश आले होते. सरांनी दावा बिनशर्त मागे घेत असल्याचा अर्ज दिला. अक्कांच्या वकिलानं तो दोनदा वाचला, त्यात काही डाव आहे का बघायला. न्यायाधीशांनी विचारलं, "समजून उमजून मागे घेताय ना?"

"हो. पण साहेब, मागच्या तारखेला मला कोर्टानं एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

"कुठला प्रश्न?" न्यायाधीशांनी फाईल चाळली. तो प्रश्न कुणी लिहूनच घेतला नव्हता. "काका, दावा मागे घेतलात, आता कसलं उत्तर? इथं सही करा." सरांनी सही केली. बाहेर पडताना ते एकदा साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे बघत थांबले. मी हात पुढे केला आणि आम्ही पायऱ्या उतरलो.

त्या उन्हाळ्यात अंगण खोदून हौद झाला. गच्चीवर काळी टाकी बसली. आता पाणी कुणालाच उचलून वर न्यावं लागेना. घंटा वाजवायची सर विसरायला लागले, मग वाजवेनासेच झाले. गल्लीत एकदोघांनी तक्रार केली. जुन्या सवयी मात्र काही सुटल्या नाहीत. गवंड्यानं पावतीवर लिहिलेलं 'टँक'चं स्पेलिंग त्यांनी भर उन्हात त्याला उभं करून समजावलं. फक्त मुलीचा रविवारचा फोन लांबत चालला होता. भिंतीतून मला सरांचा आवाज जवळजवळ ऐकूच यायचा नाही. ते ऐकत असायचे. एकदा मी त्यांना बोलता बोलता थबकलेलं बघितलं. मुलगी काहीतरी चुकीचं बोलली असणार. त्यांचे ओठ हलले, पण त्यांनी फक्त "मग?" म्हटलं, "मग पुढं काय झालं?"

प्रतिवादी क्रमांक एक पुन्हा अक्का झाली. गुडघ्यांचा प्रश्न मात्र होता तिथंच होता. तो सुटला माझ्या बदलीमुळे. मला कुर्डुवाडीला पाठवलं, मागची खोली मोकळी झाली. अक्कांचा मुलगा, सून आणि नातू वर गेले, आणि खालची पुढची खोली अक्कांनी आपण होऊन सरांना दिली. मागच्या दिवाळीत मी गेले होते तेव्हा सर खाली दारात खुर्ची टाकून बसले होते आणि अक्का आतून त्यांना ओरडत होत्या, कारण त्यांनी औषध घेतलं नव्हतं. कोश टेबलावर होता. शब्दाविषयी आमचं काहीच बोलणं झालं नाही. त्यांनी आप्पांची तब्येत विचारली आणि मी सांगत होते ते शेवटपर्यंत ऐकलं.

पण मला त्यांची आठवण येते ती मी खोली सोडली त्या सकाळची. खाली रिक्षा उभी होती. बहुतेक सामान आधीच गेलं होतं. एक मोठी बॅग तेवढी उरली होती, भांड्यांची, चांगली जड. सर माझ्या दारात आले.

"ताई, तुम्ही साक्षीदार होतात. कोर्टानं उत्तर घेतलं नाही. तुम्ही ऐकून जा."

मी उभी राहिले.

"पहिल्या अर्थानं थोडी होती," ते म्हणाले. "पण ती सगळी मी शब्दावरच खर्च केली. दुसऱ्या अर्थानं आता आहे. चांगली आहे. पण जिच्यासाठी आहे, तिला सांगायची सोय नाही."

इतकं बोलून ते वाकले आणि त्यांनी बॅग उचलली.

"सर, द्या इकडे. तुम्हाला जिना बंद आहे."

"नको."

"सर, गुडघे—"

"दुखतंय," ते म्हणाले. "राहू दे."

आणि ते उतरायला लागले. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात बॅग, प्रत्येक पायरीवर आधी बॅग टेकवायची, मग एक पाय, मग दुसरा. खालून अक्कांनी बघितलं आणि आरडाओरडा सुरू केला, "ओ सर, पडताव की! पोरीला द्या ते! आवो सर!" त्यांनी लक्ष दिलं नाही. गल्लीतली दोनचार माणसं थांबून बघायला लागली. मी रिकाम्या हातानं त्यांच्या मागून एकेक पायरी उतरत राहिले.